रजेचा अर्ज कोण वाचतो?

(एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'पॅरोल' हा शब्द समाजवादी चळवळीतल्या माणसांच्या ओळखीचा झाला तो आणीबाणीत. १२ नोव्हेंबर १९७५ रोजी जयप्रकाशजींना चंडीगढच्या रुग्णालयातून ३० दिवसांच्या पॅरोलवर सोडण्यात आले, तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली होती. पुढचे दिवस त्यांनी मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणि नंतर डायलिसिसच्या आधारावर काढले. स्नेहलता रेड्डी या गुणी अभिनेत्रीचा दमा बंगलोरच्या तुरुंगात बळावत गेला. १५ जानेवारी १९७७ रोजी त्यांना पॅरोल मिळाला आणि २० जानेवारीला त्या गेल्या. या दोन्ही रजा शासनाने करुणेपोटी दिल्या असे म्हणणे कठीण आहे. कैदी आत मेला तर शासनाला जाब द्यावा लागतो, बाहेर मेला तर द्यावा लागत नाही, हा हिशेब त्यामागे असावा असे मानायला पुरेपूर जागा आहे.

१९७७ मध्ये राजकीय कैदी बाहेर आले. सत्कार झाले, आठवणी लिहिल्या गेल्या, आणि तो शब्द चळवळीच्या बोलण्यातून हळूहळू गेला. कारागृहाच्या आत मात्र तो रोज उच्चारला जात राहिला. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांतले तीन-चतुर्थांशांहून अधिक अजून गुन्हा सिद्धच न झालेले, म्हणजे कच्चे कैदी. त्यांच्यावरील अन्यायाबद्दल निदान अधूनमधून लेख तरी येतात. उरलेल्यांत १,३३,४१५ शिक्षाबंदी. 'त्यांचे काय ते न्यायालयाने ठरवले आहे' असे म्हणून सुशिक्षित समाज त्यांच्याकडे पाठ फिरवतो. वस्तुतः न्यायालयाने ठरवलेली असते ती शिक्षा. त्या शिक्षेच्या काळात हा माणूस आईच्या अंत्यविधीला जाईल की नाही, मुलीच्या लग्नात उभा राहील की नाही, आणि चौदा, अठरा किंवा चोवीस वर्षांनंतर तो कायमचा घरी येईल की नाही, हे सारे न्यायालयाबाहेर ठरते. ते एका फाईलवर ठरते. ती फाईल कोण तयार करतो, कोण वाचतो आणि नकार चुकला तर त्याबद्दल कोणाला जबाबदार धरले जाते, एवढाच आजचा विषय आहे.

आधी शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. इंग्लंड-अमेरिकेत पॅरोल म्हणजे शिक्षा पुरी होण्याआधी अटींवर केलेली सुटका. आपल्याकडे पॅरोल ही रजा आहे. महाराष्ट्राच्या सरकारी मराठीत तिला 'अभिवचन रजा' म्हणतात. परत येण्याचे वचन देऊन, घरातील मृत्यू, गंभीर आजार यांसारख्या कारणासाठी ती मिळते. दुसरी 'संचित रजा', म्हणजे फर्लो. ठरावीक शिक्षा भोगल्यावर, वर्तन चांगले असेल तर, विशेष कारण न दाखवताही ती मागता येते. तुरुंगातले लोक मात्र 'फर्लो'च म्हणतात. तिसरी गोष्ट मुदतपूर्व सुटकेची. जन्मठेपेच्या कैद्याने १९७८ च्या दुरुस्तीनुसार ठरावीक गुन्ह्यांत किमान चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्यावर राज्य सरकार तिचा विचार करू शकते. इंग्लंडातल्या पॅरोलशी तुलना करायची तर ती या तिसऱ्या गोष्टीशी करावी लागते.

महाराष्ट्रात रजांचा कारभार दीर्घकाळ १९५९ च्या नियमांवर चालला आणि त्या नियमांत वेळोवेळी भर पडत गेली. त्या नियमांनी अर्जाला घालून दिलेली वाट पाहण्यासारखी आहे. बंदी अर्ज करतो, किंवा बराकीतल्या लिहिता येणाऱ्या माणसाकडून लिहवून घेतो. कारागृहाचे कार्यालय त्याला शिक्षेचा तक्ता, माफीचे दिवस आणि वर्तनाचा शेरा जोडते. मग कागद पोलिसांकडे जातो. बंदीच्या गावच्या ठाण्यातील हवालदार गावात जातो. पोलीस पाटील, शेजारी, फिर्यादी पक्ष आणि जामीनदार म्हणून उभा राहणारा नातेवाईक यांचे जबाब घेतो. ते वरिष्ठांमार्फत परत येतात. संचित रजेचा निर्णय कारागृह उपमहानिरीक्षकांकडे, अभिवचन रजेचा विभागीय आयुक्तांकडे. नकार मिळाला तर वर अपील. या सबंध प्रवासात निर्णय करणाऱ्यापैकी एकानेही त्या माणसाला पाहिलेले असेलच असे नाही.

पाहण्याची गरजही फारशी भासत नाही, कारण पोलीस अहवालातले एक वाक्य काम भागवते. 'सदर इसमास रजेवर सोडल्यास सार्वजनिक शांततेचा भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही.' शब्द थोडे इकडेतिकडे होतात, साचा तोच. हे वाक्य फार हुशारीने रचलेले आहे. कशाची शक्यता कधी नाकारता येते? खुद्द हवालदार उद्या शांततेचा भंग करणार नाही याचीही हमी कोण देईल? परंतु फाईलवर ते वाक्य आले की वरचा कोणी ते खोडायला धजत नाही. १९५९ च्या नियमांतच अशी तरतूद होती की सार्वजनिक शांततेच्या कारणावरून पोलिसांनी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी शिफारस केली नाही, तर संचित रजेचा विचार होणार नाही. ही रजा कायदेशीर हक्क नाही, असेही नियम सांगत होता. २००६ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका मान्य केली. पुढे २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने रजेच्या मानवी हेतूवर भर दिला आणि केवळ गुन्हा गंभीर आहे एवढ्यावरून पॅरोल सरसकट नाकारू नये असे सांगितले. पोलीस ठाण्यातल्या साच्यापर्यंत हे दुसरे वचन किती पोहोचले, हा प्रश्न वेगळा.

गावाचे मत घेणे वरवर लोकशाहीचे वाटते. पण गाव म्हणजे कोण? ज्या जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि ज्यांच्यावरचा तो शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला, त्या पारधी पालावरच्या माणसाबद्दल गावात कोणते मत मिळणार? गावच्या पाटलाच्या मुलाबद्दल कोणते मिळणार? जामीनदाराचेही तेच. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, ज्याचे सारे गणगोत ऊसतोडीला गेले आहे, त्याने पतदार जामीनदार आणायचा कोठून? बाईमाणूस असेल तर अवस्था आणखी कठीण. सासर म्हणते ती आमची नाही, माहेर म्हणते दिल्या घरची. आणि नेमका कोणत्या गावच्या पोलिसांनी अहवाल द्यायचा, इथपासून खोळंबा सुरू होतो. निर्णय करणाऱ्याच्या मनात जात नसेल, वर्ग नसेल. ते कागदातून वर चढत जातात.

करोनाच्या साथीत या पद्धतीचा एक विलक्षण नमुना दिसला. २३ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील गर्दी कमी करण्यासाठी राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमण्यास सांगितले. महाराष्ट्राने मे महिन्यात नियमात दुरुस्ती करून आकस्मिक रजेची सोय केली. सात वर्षांहून अधिक शिक्षा झालेल्यांसाठी अट अशी, की मागच्या दोन सुटकांच्या वेळी बंदी वेळेवर परतलेला असावा. अट सकृद्दर्शनी वाजवी आहे. पण ज्याला आयुष्यात एकदाही रजा मिळालीच नाही, त्याने वेळेवर परतल्याचा पुरावा आणायचा कोठून? अशांचे अर्ज या अटीवर फेटाळले गेले. मागे सुटण्याचा प्रसंगच आला नाही त्यांना ही अट आड येत नाही, हे अखेर मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले. इतकी साधी गोष्ट समजण्यासाठी उच्च न्यायालय कशाला हवे होते? समोरचा अर्ज माणसाचा आहे असे समजून वाचणारा एक कारकून पुरला असता.

तो कारकून असा का वाचत नाही? येथे त्याच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. रजेवर गेलेल्या माणसाने काही केले, तर चौकशी लागते. कोणी शिफारस केली, कोणाची सही आहे, याची विचारणा होते, वर्तमानपत्रांत नावे येतात. रजा नाकारलेल्या माणसाचे काय झाले, हे मात्र कोणी विचारत नाही. तो आत गप्प राहतो. त्याची आई मेलेली असते, त्याचे घर मोडलेले असते, पण त्याचा कोणत्याही रजिस्टरात नोंद करण्याजोगा परिणाम नसतो. होकाराची किंमत सही करणाऱ्याला मोजावी लागू शकते. नकाराची किंमत त्याला कधीच मोजावी लागत नाही. अशा व्यवस्थेत सज्जन माणूससुद्धा नकार लिहितो. त्याला दुष्ट म्हणण्याने काही साधत नाही.

प्रा. जी. एन. साईबाबा नागपूर मध्यवर्ती कारागृहात होते. चाकाच्या खुर्चीवाचून हलू न शकणारा माणूस. मृत्युशय्येवरील आईला भेटण्यासाठी त्यांनी पॅरोल मागितला. तो मिळाला नाही. १ ऑगस्ट २०२० रोजी आई गेली. त्यानंतरच्या विधींसाठीही त्यांना जाता आले नाही. ५ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांची निर्दोष मुक्तता केली आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला हैदराबादेत त्यांचे निधन झाले. त्यांच्या विचारांशी या सभागृहातील अनेकांचे मतभेद असतील. नकार लिहिणाऱ्याला २०२० मध्ये पुढचा निकाल माहीत असणे शक्य नव्हते, हेही खरे. परंतु चाकाच्या खुर्चीतला हा माणूस बंदोबस्तात आईजवळ दोन दिवस बसला असता, तर नेमका कोणता भंग झाला असता, हा प्रश्न तेव्हाही विचारता येण्याजोगा होता.

दुसऱ्या टोकाला हरियाणाकडे पाहावे. बलात्काराच्या गुन्ह्यात २०१७ मध्ये आणि पुढे खुनाच्याही गुन्ह्यात शिक्षा झालेला तेथील एक डेरेप्रमुख, गुरमीत राम रहीम, दहापेक्षा अधिक वेळा पॅरोल-फर्लोवर बाहेर आला, आणि त्यांतल्या कित्येक रजा निवडणुकांच्या तोंडावर पडल्या. शांततेचा भंग होण्याची शक्यता तेथे नाकारता आली. म्हणजे ते वाक्य अपरिहार्य नाही. वरून इच्छा असली की ते लिहिले जात नाही.

हाच दुटप्पीपणा मुदतपूर्व सुटकेत अधिक उघडा पडतो. बिल्किस बानो प्रकरणाचा खटला गुजरातेत निर्भयपणे चालणार नाही म्हणून मुंबईत आणला गेला आणि २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने आरोपींना जन्मठेप दिली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने त्यांतील अकरा जणांना सोडले. गोध्र्याच्या सल्लागार समितीने एकमुखाने शिफारस केली. तीत सत्ताधारी पक्षाचे आमदार होते. मुंबईच्या न्यायाधीशांचे आणि केंद्रीय तपास यंत्रणेचे मत प्रतिकूल होते. ते बाजूला ठेवले गेले. हे बंदी सुटकेपूर्वीच पॅरोल, फर्लो इत्यादी मार्गांनी प्रत्येकी सुमारे हजार दिवस बाहेर राहिलेले होते. आणि जिच्यावर तो सारा अत्याचार झाला त्या बाईला, तुझ्या सुरक्षिततेचे काय, असे कोणी विचारलेही नव्हते. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. खटला महाराष्ट्रात चालला, तेव्हा विचार करण्याचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, असे स्पष्ट केले. ते अकराजण परत तुरुंगात गेले.

त्याआधी काहीच महिने, ऑगस्ट २०२३ मध्ये, बिहारमधील एका बंद्याचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले होते. चोवीस वर्षे आत. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाच्या पीठासीन न्यायाधीशांचा प्रतिकूल अहवाल, एवढ्या आधारावर मंडळाने त्याला नाकारले होते. न्यायालयाने म्हटले की पीठासीन न्यायाधीशापुढे खटल्याच्या वेळचे दप्तर असते. त्यातून गुन्हा दिसतो, नंतरच्या दोन दशकांत त्या माणसाचे काय झाले ते दिसत नाही. तुरुंगातील वर्तन, वय, प्रकृती, घरची स्थिती यांचा विचार हवा. २००० सालच्या एका निकालातही असेच निकष दिलेले होते.

ही दोन प्रकरणे शेजारी ठेवावीत. एकाच जातीचा कागद, न्यायाधीशाचे मत. बिहारात तो ब्रह्मवाक्य ठरला, गोध्र्यात रद्दी. तेव्हा कागदात काय लिहिले आहे याला महत्त्व नसून, वाचणाऱ्याला काय ठरवायचे आहे यालाच महत्त्व आहे, असा निष्कर्ष कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही. पुरोगामी मंडळींनीही येथे स्वतःशी प्रामाणिक राहिले पाहिजे. बिल्किसच्या बाजूने उभे राहताना 'जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत तुरुंग' अशी भाषा काहींच्या तोंडून सहज निघून गेली. ती भाषा उद्या बिहारच्या त्या बंद्याच्या, आणि पारध्याच्या पालावरच्या माणसाच्या गळ्यात पडते. आक्षेप सुटकेच्या कल्पनेला असू नये. कोणी, कोणाला न विचारता, कोणती कारणे देऊन सोडले, याला असावा.

इंग्लंडात या कामासाठी १९६७ च्या कायद्याने पॅरोल बोर्ड निर्माण झाले. आरंभी ते गृहमंत्र्यांना केवळ सल्ला देई. पुढे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या निकालांच्या रेट्याने त्याला जवळजवळ न्यायालयाचे रूप आले. तेथे प्रत्येक बंद्याच्या प्रकरणामागे एक प्रकरण-अधिकारी असतो. निर्णय तो करत नाही. त्याचे काम कारागृहाचा, परिवीक्षा अधिकाऱ्याचा, मानसशास्त्रज्ञाचा अहवाल वेळेवर आला की नाही हे पाहणे, नसेल तर तगादा लावणे, सुनावणी लावणे, दप्तर पुरे आहे याची खातरजमा करणे. काम कारकुनी वाटते. परंतु ते दप्तर बंद्याला वाचायला मिळते, त्याला वकील मिळतो, आणि प्रकरण रेंगाळले तर विचारणा करायला एक नाव असते. आपल्याकडे फाईल दहा हातांतून जाते आणि एकाही हाताची नसते.

तेथेही सारे आलबेल आहे असे नव्हे. लंडनमधील एका टॅक्सीचालकाला बारा स्त्रियांवरील गुन्ह्यांबद्दल २००९ मध्ये शिक्षा झाली होती. २०१७ च्या अखेरीस बोर्डाने त्याच्या सुटकेचा निर्णय केला. पीडित स्त्रिया न्यायालयात गेल्या आणि मार्च २०१८ मध्ये तो निर्णय रद्द झाला. न्यायालयाचा आक्षेप मार्मिक होता. पोलिसांच्या मते बळी कितीतरी अधिक होत्या. दप्तरात जे नव्हते त्याची चौकशी बोर्डाने करायला हवी होती. बोर्डाच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. त्यानंतर निर्णयाची कारणे गुप्त ठेवण्याचा नियम गेला आणि जुलै २०१९ पासून ठरावीक मुदतीत पुनर्विचार मागण्याची सोय झाली. ती बंद्यालाही आहे आणि न्यायमंत्र्यालाही. पीडितेने मंत्र्यामार्फत जायचे.

पण त्याच देशात एक अनिश्चित मुदतीची शिक्षा होती. तीत किमान मुदत संपल्यावरही बोर्डाची खात्री पटेपर्यंत माणूस आत राही. २०१२ मध्ये ती शिक्षा रद्द झाली, परंतु आधी ठोठावलेल्यांना ती तशीच लागू राहिली, आणि २०२४ मध्येही असे दोन हजारांहून अधिक बंदी तुरुंगांत होते. त्यांतले कित्येक आपली किमान मुदत केव्हाच भोगून बसलेले. या माणसांना उगाच आत ठेवले म्हणून कोणा अध्यक्षाचे पद गेल्याचे ऐकिवात नाही. सात समुद्रांपलीकडेही हिशेब तोच.

सातारा-सांगलीकडच्या मंडळींना यावर एक घरचे उत्तर आठवावे. औंध संस्थानात १९३९ मध्ये, राजेसाहेब पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन म्हणजे स्वामी भारतानंद यांच्या प्रेरणेने, आटपाडीजवळ माळरानावर स्वतंत्रपूर वसले. शिक्षा झालेल्या माणसांची मोकळी वसाहत. भिंत नाही, शेती आहे. शांतारामबापूंच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'मागे हीच वसाहत होती. चित्रपट पाहून सगळे गहिवरले. गहिवरण्यात चूक काही नाही. मात्र स्वतंत्रपुरात एक व्यवहार होता. या माणसाला मी ओळखतो आणि त्याच्याबद्दल मी जबाबदार आहे, असे म्हणणारा कोणीतरी तेथे होता. रजेच्या आजच्या फाईलवर अशा माणसाची जागा रिकामी आहे. कारागृहात समाजसेवा अधिकारी आहेत, जिल्ह्यात परिवीक्षा अधिकारी आहेत. त्यांनी बंद्याला भेटून, घर पाहून, पीडित कुटुंबाशीही बोलून केलेला अहवाल हवालदाराच्या जबाबांइतका तरी वजनदार मानला, तर नवे खातेही उघडावे लागणार नाही.

१८ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. जेथे मुदतपूर्व सुटकेचे धोरण आहे तेथे बंद्याने अर्ज केला नाही तरी, तो पात्र होताच सरकारने आपणहून विचार करायचा. निर्णयात थोडक्यात का होईना कारणे द्यायची. तो निर्णय बंद्याला तत्काळ कळवायचा आणि त्याची प्रत विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवायची. मुदतपूर्व सुटकेपुरते हे झाले. रजांच्या नकारांनाही हाच नियम लावा, ही मागणी जिल्ह्याजिल्ह्यांतून व्हायला हवी. विधी सेवा प्राधिकरणाकडे आलेल्या प्रती कोण वाचतो, हे कार्यकर्त्यांना जाऊन विचारता येईल. ती कारणे मराठीत आहेत का आणि अंगठा उठवणाऱ्या बंद्याला ती कोणी वाचून दाखवली का, एवढे दोन प्रश्न पहिल्या भेटीत विचारले तरी चालतील.